चालायचं औषध कुठल्या दुकानात मिळतं?



एरवी आपण इथे मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड अशा विषयांवर बोलतो. आज मी तुम्हाला नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम या बंदराच्या शहरात नेणार आहे. डॉक्टरांनी प्रवासवर्णन लिहायला घेतलं की काय, असं वाटेल. पण विषय आपला नेहमीचाच आहे : चालणं. आणि सोबत एक कबुलीही आहे, माझ्या एका चुकलेल्या निदानाची.

‘रोज तीस मिनिटं चाला’ हे वाक्य मी मुंबईतल्या माझ्या दवाखान्यात दिवसातून वीस वेळा तरी उच्चारतो. पुढच्या खेपेला विचारलं, की बहुतेकांचं उत्तर एकच, “जमत नाही हो, डॉक्टर.” या उत्तराचं माझं निदान ठरलेलं होतं : आळस.

याच ‘आजाराची’ एक पेशंट माझ्या घरात होती. माझी आई, वय 76. तीन वर्षांपूर्वी उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवर तिचा पाय मुरगळला, ती हातावर पडली आणि मनगटाचं हाड मोडलं. प्लास्टर निघालं, हाड छान जुळलं, पण आई एकटी घराबाहेर पडेनाशी झाली. मी रोज सांगायचो, “अगं, चालली नाहीस तर गुडघे धरतील.” ती म्हणायची, “उद्यापासून जाते.” तो उद्या काही उजाडला नाही.

मागच्या वर्षी मे महिन्यात आम्ही दोघं माझ्या मुलीकडे रॉटरडॅमला गेलो.

तिरकी घरं आणि सरळ गुडघे

या शहराचा इतिहास एका दिवसात बदलला. 14 मे 1940 रोजी जर्मन विमानांनी केलेल्या बॉम्बहल्ल्यात शहराचा मध्यभाग बेचिराख झाला आणि सुमारे 80,000 लोक बेघर झाले. युद्धानंतर जुनं शहर जसंच्या तसं उभं करण्याऐवजी त्यांनी नवं शहर वसवायचं ठरवलं. 1953 मध्ये तिथे लाइनबान नावाची बाजारपेठ सुरू झाली, तीही फक्त पायी चालणाऱ्यांसाठी. तेव्हापासून रॉटरडॅम ही वास्तुरचनाकारांची जणू प्रयोगशाळाच झाली आहे.

त्यातला सर्वांत गाजलेला प्रयोग म्हणजे पीट ब्लॉम यांची घनाकृती घरं. 1984 मध्ये ती पूर्ण झाली. पिवळे ठोकळे कोपऱ्यावर तिरके उभे केल्यासारखी ही घरं दिसतात. प्रत्येक घर म्हणजे एक झाड आणि सगळी मिळून जंगल, अशी त्यामागची कल्पना. एक घर पाहुण्यांसाठी खुलं आहे. मी आत गेलो. जिना अरुंद आणि उभा, भिंती तिरक्या, त्यामुळे साधारण 100 चौरस मीटरमधली पाव जागा नीट वापरताच येत नाही. तिसऱ्या मजल्यावरून खाली येताना माझ्याच गुडघ्यांनी कुरकुर केली. जिना उतरताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या तिप्पट किंवा त्याहून जास्त भार येतो, हे मी पेशंटना सांगत असतो. त्या दिवशी स्वतः अनुभवलं.

आई वर आलीच नाही. ती खाली जुन्या गोदीच्या काठावर बसून राहिली. म्हणाली, “दिसायला छानच आहेत रे. पण इथं म्हातारं माणूस राहणार कसं?” तिचा प्रश्न मला अगदी बरोबर वाटला. इमारत फोटोत कशी दिसते हे एक, आणि दुखऱ्या गुडघ्याला ती कशी वाटते हे दुसरं.

आई चालू लागली

तिथून आम्ही पाण्याच्या कडेनं निघालो. मी मनात हिशेब केला होता, पाच मिनिटांत टॅक्सी बोलवावी लागेल. तसं झालं नाही. फुटपाथ विटांचेच होते, पण सपाट. कडेला उतार असल्यामुळे पाय उंच उचलावा लागत नव्हता. धोका एकच, सायकलींचा. त्यांच्या वाटेवर आई दोनदा चुकून गेली आणि घंटा ऐकून दचकली.

वाटेत एका जुन्या गोदीजवळ ओसिप झाडकिन यांचा 1953 मधला पुतळा लागतो. दोन्ही हात आभाळाकडे उचललेला माणूस आणि त्याच्या धडात आरपार भोक. काळीज उपटून काढलेलं शहर, असा त्याचा अर्थ. आई त्याच्यासमोर बराच वेळ उभी होती. टेकायला काही नसताना ती इतका वेळ उभी राहिलेली मी पुष्कळ दिवसांत पाहिली नव्हती.

पुढे इरॅस्मस पूल. लांबी सुमारे 800 मीटर, त्याचा वाकडा पांढरा मनोरा 139 मीटर उंच. स्थानिक लोक त्याला हंस म्हणतात. बेन फान बेर्केल यांनी रचलेला हा पूल 1996 मध्ये खुला झाला आणि थोड्याच दिवसांत वाऱ्या-पावसात त्याच्या तारा थरथरू लागल्या. मग ती थरथर शोषून घेणारे डॅम्पर बसवावे लागले. नव्या औषधाचा दुष्परिणाम दिसला की आम्ही डोस बदलतो, तसंच.

या पुलामागची गोष्ट आपल्यासाठी महत्त्वाची आहे. जहाजं मोठी होत गेली, कंटेनर आले, तसं बंदर समुद्राच्या दिशेनं सरकलं आणि शहरालगतच्या जुन्या गोद्या ओस पडल्या. दक्षिण किनाऱ्यावर कष्टकऱ्यांच्या वस्त्या आणि रिकामी गोदामं, उत्तरेला शहराचं केंद्र, मध्ये नदी. हे दोन काठ जोडण्यासाठी हा पूल बांधला आणि त्यावर मोटारी, ट्राम, सायकली यांच्याबरोबर पायी चालणाऱ्यांनाही जागा दिली. ज्या जहाज कंपनीच्या बोटींतून लाखो लोक अमेरिकेला गेले, तिच्या जुन्या मुख्य कचेरीत 1993 पासून हॉटेल आहे. त्याच धक्क्यावर रेम कूलहास यांच्या संस्थेनं रचलेली उंच इमारत 2013 मध्ये पूर्ण झाली.

आम्ही त्या धक्क्याच्या टोकापर्यंत गेलो. साधारण तीन किलोमीटर, मध्ये चार विश्रांत्या, पावणेदोन तास. माझी आई तीन किलोमीटर चालली!

बाकावर बसून ती पाण्याकडे पाहत राहिली. माझे वडील मुंबईच्या गोदीत कारकून होते. आमचं घर गोदीच्या भिंतीपासून दहा मिनिटांवर. पण त्या भिंतीपलीकडचं पाणी आईनं क्वचितच पाहिलं. ती म्हणाली, “तुझ्या बाबांच्या गोदीला असा काठ असता, तर रोज डबा घेऊन मीच गेले असते.”

माझं चुकलेलं निदान

त्या संध्याकाळी मला नीट झोप लागली नाही. पाय तेच, गुडघे तेच, वय तेच. मग मुंबईत काय अडत होतं? आळस नव्हे, भीती.

पडण्याची भीती हा वैद्यकशास्त्रात नीट अभ्यासलेला प्रश्न आहे. माणूस एकदा पडला की जपून चालतो, मग कमी चालतो. कमी चालल्यानं मांड्यांचे स्नायू बारीक होतात, तोल बिघडतो, आणि त्यामुळे पुन्हा पडण्याची शक्यता वाढते. हे चक्र नुसत्या उपदेशानं तुटत नाही. त्याला सपाट वाट, बसायला जागा आणि जावंसं वाटेल असं ठिकाण लागतं. आईला मी तीन वर्षं फक्त उपदेश दिला.

रॉटरडॅममध्ये सगळं आलबेल आहे, असं समजू नका. सार्वजनिक स्वच्छतागृह शोधताना आमची धावपळ झाली. मधुमेह किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांना यातली अडचण वेगळी सांगायला नको. काठावर चकचकीत इमारती आल्या, की गरिबांनी राहायचं कुठे हा प्रश्नही तिथे आहेच. स्वस्त घरं कमी करण्याच्या धोरणावर 2016 मध्ये शहरात सार्वमत घ्यावं लागलं होतं. मुंबईचा पूर्व किनारा लोकांसाठी खुला करण्याच्या योजना अनेकदा मांडल्या गेल्या आहेत. त्या पुढे जातील तेव्हा उंच इमारतींच्या चित्रांआधी बाक, सावली आणि स्वच्छतागृह किती आहेत, हे तुम्ही-आम्ही विचारायला हवं.

तोपर्यंत आपण काय करायचं?

1. आधी वाट शोधा, मग मिनिटं मोजा. शाळेचं मैदान, देवळाचं आवार, सोसायटीची गच्ची, काहीही चालेल. सपाट आणि उजेडाची जागा हवी.

2. आठवड्याला 150 मिनिटं मध्यम गतीनं चालणं, हे प्रौढांसाठीचं उद्दिष्ट आहे. ते दहा-दहा मिनिटांत तोडलं तरी चालतं. जेवणानंतरची दहा मिनिटं साखरेसाठी विशेष उपयोगी.

3. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरा. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी.

4. पासष्टीनंतर तोल सांभाळण्याचे व्यायामही करा. ओट्याला धरून एका पायावर दहा सेकंद उभं राहणं, ही सोपी सुरुवात.

5. चालताना छातीत दुखलं, दम लागला किंवा चक्कर आली, तर लगेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

आई आता रोज सकाळी जवळच्या शाळेच्या मैदानात जाते. मुख्याध्यापकांना भेटून मी परवानगी मिळवली. जाताना तो उखडलेला तुकडा लागतो, तेवढ्यापुरती ती माझा हात धरते. मैदानात मात्र सोडते.

आणि दवाखान्यात माझा प्रश्न बदलला आहे. “चालता का?” असं मी आता विचारत नाही. “चालायला कुठे जाता?” असं विचारतो. तुमच्या डॉक्टरांनी हा प्रश्न विचारला नाही, तर तुम्ही स्वतःहून सांगा, वाट नेमकी कुठे अडते ते.