कपाटातले आधार कार्ड

कमरेचे हाड मोडल्यानंतर माझी आई चौदा महिने अंथरुणाला खिळून होती. मुलगा परगावी, सून नोकरीत, आमच्या सौभाग्यवतींचे गुडघे दुखरे. तेव्हा एका ब्युरोमार्फत चोवीस तास घरी राहणारी मुलगी ठेवली. ती झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली, वय बावीस. दरमहा २१,००० रुपये मी ब्युरोच्या खात्यात भरायचे आणि ब्युरोने तिला पगार द्यायचा, असा व्यवहार ठरला. छत्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला पावती हाती आली की समाधान वाटते. मलाही वाटले.

ब्युरोच्या माणसाने जाताना तिचे आधार कार्ड माझ्या हाती दिले. "साहेब, हे तुमच्याकडेच असू द्या, म्हणजे मुलगी पळून जात नाही." मी ते दागिन्यांच्या कप्प्यात ठेवले आणि किल्ली फिरवली. कर्जदाराची कागदपत्रे तिजोरीत ठेवण्याची आयुष्यभराची सवय! पण तारण घेतात ते कर्जापोटी. या मुलीने माझ्याकडून कसले कर्ज घेतले होते, हा प्रश्न तेव्हा मनात उठला नाही.

आमच्याकडे सूर्यास्तापूर्वी जेवणे उरकतात. हिवाळ्यात पावणेसहालाच ओटा पुसून स्वयंपाकघर बंद होई. तीही आमच्याबरोबरच जेवी. आईला पाठीवर जखमा होऊ नयेत म्हणून रात्री दर दोन-तीन तासांनी कूस बदलून द्यावी लागे, डायपर बदलावे लागत. म्हणजे आमचा दिवस संपला की तिचा खरा दिवस सुरू होई. सकाळचा नाश्ता आठ वाजता. मधले चौदा तास तिच्या पोटात काही नसे. ते कोणी मोजले नव्हते, आणि मोजणे हा तर माझा पेशा!

एका रात्री दोनच्या सुमारास मला जाग आली. स्वयंपाकघरात अंधारात ती डब्यातले कोरडे पोहे मुठीने खात उभी होती. मला पाहताच तिने डबा खाली ठेवला आणि दोन्ही हात मागे घेतले. "काय करतेस इथे?" एवढेच मी विचारले. चोरी हा शब्द मी उच्चारला नाही, परंतु सूर तोच होता. ती काही न बोलता आईच्या खोलीत गेली.

आई जागी होती. सकाळी तिने मला जवळ बोलावले. "अरे, प्रतिक्रमणात रोज अहिंसेचे पाच अतिचार म्हणतोस ना? बंध, वध, छेद, अतिभारारोपण, अन्नपाननिरोध. ते काय फक्त बैलापुरतेच धरलेस?"

मला उत्तर सुचले नाही. आमच्या घरी कोणी तिच्यावर हात उगारला नव्हता, म्हणून छळ ही वर्तमानपत्रातली, दुसऱ्याच्या घरची गोष्ट असे मी समजत होतो. आता एकेक नोंद तपासू लागलो. अन्नपाननिरोध तर उघडच होता. व्रत आम्ही घेतले होते, तिने नव्हे. अतिभार? तीन महिन्यांत तिला एकही सुट्टी मिळाली नव्हती. बंध? पुतणीच्या लग्नाला गेलो तेव्हा आईला आणि तिला आत ठेवून मी बाहेरून कुलूप लावले होते. सुरक्षेसाठी, असे मी स्वतःला सांगितले होते. आग लागली असती तर?

त्याच दिवशी कप्पा उघडून कार्ड तिला परत दिले. तिने ते उलटसुलट करून पाहिले आणि ओढणीच्या टोकाला गाठ मारून ठेवले. मग पगाराविषयी विचारले. करार महिना १४,००० चा, उरलेले ७,००० ब्युरोचे. तीन महिन्यांचे तिचे ४२,००० व्हायला हवेत. हाती आले होते ८,०००. गावाहून निघताना वडिलांना दिलेली ६,००० ची उचल वजा केली, तरी २८,००० येणे निघत होते. ब्युरोत जाऊन खातेउतारा मागितला, तर त्या गृहस्थांनी मुलगीच परत घेऊन जाण्याची धमकी दिली. कामगार अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करीन, असे सांगितल्यावर, आणि दोन खेपांनंतर, २०,००० मिळाले. बाकीचे आजतागायत आलेले नाहीत. तिच्या नावे बचत खाते उघडले, आणि पुढचा पगार थेट त्यात जमा करू लागलो.

याच सुमारास कायदे धुंडाळले. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी १९७९ चा कायदा झाला, तो पाच किंवा अधिक असे मजूर असलेल्या आस्थापनांसाठी. घरातल्या एकट्या मुलीला तो शिवत नव्हता. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. उचल देऊन माणसाला बांधून ठेवणे हा १९७६ च्या वेठबिगारीविरुद्धच्या कायद्याने गुन्हा आहे. लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने घरकामाच्या बाबतीत घर हेही कामाचे ठिकाण मानले आहे; तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. पण दाराआड एकटी असलेली, भाषा न येणारी मुलगी त्या समितीपर्यंत जाणार कशी? आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०११ मध्ये घरकामगारांसाठी केलेल्या करारात आठवड्याला सलग २४ तास विश्रांती आणि ओळखपत्रे स्वतःजवळ ठेवण्याचा हक्क स्पष्ट लिहिला आहे. भारताने त्याच्या बाजूने मत दिले, मान्यता मात्र दिली नाही. घरकामगारांसाठी कायद्याचा विचार करण्यास समिती नेमा, असे सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला २९ जानेवारी २०२५ रोजी सांगितले.

घरात करायच्या गोष्टींना समिती लागत नव्हती. तिच्यासाठी रात्रीचा डबा तिच्याच खोलीत झाकून ठेवू लागलो. किल्लीचा एक जोड तिला दिला. रविवारी तिला सुट्टी, आणि त्या रात्री आईची कूस मी बदलायची असे ठरले. दुसऱ्याच रविवारी माझी पाठ धरली! तिसऱ्या रविवारी सौभाग्यवती म्हणाल्या, "आणि ती हे रोज करते."

आई गेली तेव्हा ती मुलगी उशाशी होती. तेराव्या दिवसानंतर आमच्या नात्यातल्या एका गृहस्थांचा फोन आला. त्यांच्या वडिलांसाठी तिला पाठवता का, असे विचारले आणि लगेच म्हणाले, "तिचे कार्ड तुमच्याकडेच असेल ना?" कार्ड तिच्याजवळ आहे, पगार तिच्या खात्यात भरावा लागेल, रविवारी सुट्टी आणि रात्रीचे जेवण द्यावे लागेल, असे मी सांगितले. घरात विचारून कळवतो, असे ते म्हणाले. त्यांचा फोन पुन्हा आला नाही.

पुढच्या आठवड्यात तिला दुसऱ्या घरी काम मिळाले. बोलणी तिची तिनेच केली. मी शेजारी बसलो होतो. तिने आधी रविवारचे विचारले, पगाराचे नंतर.