काचेचा कोपरा

पितळ आपणहून फुटतं, हे मी वरणगावच्या फॅक्टरीत शिकलो. काडतुसाची केस ओढून घडवताना तिच्या अंगात ताण उरला, तर ती पुढे कधीतरी, कोणी हात न लावता, उभी चिरते. इंग्रजांच्या काळात तबेल्यांत ठेवलेली काडतुसं पावसाळ्यात अशीच तडकायची. दमट हवा आणि घोड्यांच्या मुतातला अमोनिया मिळून तो दडलेला ताण हुडकून काढत. म्हणून केस भट्टीतून काढून ताण उतरवायचा. नोकरीभर ताण हा शत्रूच मानला. काचेत मात्र तो मुद्दाम भरतात, हे निवृत्तीनंतर बोगद्यातल्या पाण्यात कळलं.

जुलैची संध्याकाळ होती. मी, बायको आणि सात वर्षांचा नातू भुसावळहून परतत होतो. महामार्गावर ट्रक अडकलेले, म्हणून आडरस्त्याने रेल्वेखालच्या बोगद्यात शिरलो. पुढची जीप निघून गेली, आमची गाडी मधोमध बंद पडली. दोन्ही उतारांवरून पाणी आत येत होतं.

काच उघडून बाहेर पडायची ती वेळ. मी सेल्फ मारत बसलो, मग फोन लावत बसलो. पाणी सीटला टेकलं तेव्हा दार ढकललं, हललं नाही. नंतर घरी हिशेब केला. मीटरभर रुंद दाराबाहेर अर्धा मीटर पाणी उभं असेल आणि आत तेवढं चढलेलं नसेल, तर दारावर सव्वाशे किलोचा रेटा येतो. साठी उलटलेल्या माणसाने तो काय सारायचा? काचेचं बटण दाबलं. काच चार बोटं उतरली आणि थांबली.

मागून बायको म्हणाली, "अहो, ती अमळनेरची एसटी..." पुढचं तिने नातवासमोर गिळलं. जुलै २०२२मध्ये इंदूरहून अमळनेरला येणारी बस खलघाटच्या पुलावरून नर्मदेत पडली होती.

सीटच्या वरची उशी उपसून तिच्या दांड्या पुढच्या काचेवर हाणल्या. काचेवर जाळं पडलं, भोक पडेना. बाजूच्या काचेवर मधोमध हाणल्या, तर उशीच उसळून मनगटाला लागली.

"मंधात नका मारू काका, कोपऱ्यात मारा लागते! पोराले तिकडे घ्या!"

एक ट्रॅक्टरवाला पोरगा कमरेएवढ्या पाण्यातून आला होता, हातात लोखंडी टॉमी. त्याने मागच्या दाराच्या काचेचा खालचा कोपरा साधून टोक मारलं. एका ठोक्यात अख्खी काच पांढरी झाली, पण पडली नाही. फाटक्या गोधडीसारखी लोंबत राहिली. शिव्या घालत त्याने ती ओढून काढली. आधी नातू, मग बायको, शेवटी मी.

"फिलिम कायले लावता काका?" एवढंच तो म्हणाला.

फिल्म मीच लावली होती, मे महिन्यात. आमच्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने २०१२मध्येच काळ्या फिल्मला बंदी घातली आहे, हे सोयीने विसरायला होतं.

आठवड्याने नवी काच बसवायला गेलो. काचवाल्याने दोन तुकडे हातात दिले. बाजूची काच टफन्ड. सहाशे अंशांच्या वर तापवून तिच्यावर गार हवेचा झोत सोडतात. बाहेरचा थर आधी थिजतो, आतला मागाहून आकसतो. त्यामुळे बाहेर दाब, आत ओढ. मध्यावर बोथट मार बसला की काच लवते आणि तो पचवते. पण कडेजवळ कठीण टोकाने वरचा थर भेदला, की आतला ताण एकदम सुटतो आणि सगळी काच खड्यांएवढी होते. पुढची काच लॅमिनेटेड: दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा. ती तडकते, पण सुटत नाही. म्हणजे फिल्म चिकटवून मी बाजूच्या काचेची, पैसे मोजून, अर्धीमुर्धी पुढची काच करून घेतली होती.

"आता काही महागड्या गाड्यांना बाजूलाही लॅमिनेटेड येते," तो म्हणाला. "तिथं हातोडी चालत नाही. कोपऱ्यातला शिक्का वाचून ठेवा." वीस वर्षं गाडी चालवतोय, काचेला शिक्का असतो हे तेव्हा पाहिलं.

फिल्म त्याच दिवशी खरवडली. काच फोडायला स्प्रिंगचा पंच घेतला. पाण्याखाली हातोडीचा हात जड होतो, पंच दाबला की काम करतो. नातवाला क्रम पाठ आहे: पट्टा, काच, बाहेर. फोन नंतर.

एक गोष्ट मात्र घरात कोणाला सांगितली नव्हती. त्या पोराकडे होती तशी टॉमी माझ्याही गाडीत होती. डिकीत, स्टेपनीखाली, कापडात नीट गुंडाळून. फॅक्टरीत नव्या पोरांना मीच सांगायचो, हाताला न लागणारं हत्यार नसल्यातच जमा.

पंच आता ड्रायव्हरच्या दाराला दोरीने बांधलेला आहे.