पिंक फ्लॉइड आणि सेकंड शिफ्ट

रॉक ऐकायला म्हणे वातावरण लागतं. आमच्या सातपूर कॉलनीत वातावरण म्हणजे एमआयडीसीचे भोंगे, बाबांच्या कपड्यांना येणारा कूलंटचा वास आणि भिंतीपलीकडे झोपलेले नाइट शिफ्टवाले काका. त्यामुळे 'टाइम' लावताना व्हॉल्यूमच्या बटणावर बोट ठेवूनच बसावं लागायचं. सुरुवातीलाच सगळी घड्याळं एकदम किंचाळतात ना! (साउंड इंजिनिअर अ‍ॅलन पार्सन्सने ती घड्याळांच्या दुकानात जाऊन रेकॉर्ड केली होती.) एकदा बोट हुकलं. काका दचकून उठले ते टॉवेल घेऊन थेट मोरीत.

कॅसेट पार्टनरची. ९० मिनिटांची टीडीके. एका बाजूला १९७३ चा 'डार्क साइड ऑफ द मून', दुसऱ्या बाजूला १९७५ चा 'विश यू वेअर हिअर'. दोन्ही अल्बम ४५ मिनिटांच्या आतले, जणू माप घेऊन शिवलेले.

आणि मग बातमी आली. रॉजर वॉटर्स, १८ फेब्रुवारी २००७, बीकेसीचं एमएमआरडीए मैदान, अख्खा 'डार्क साइड' लाइव्ह! दोघांनी उसनवारी करून दोन तिकिटं काढली. पार्टनर तेव्हा एका कंपनीत ट्रेनी. शनिवारी संध्याकाळी निरोप आला, माल अर्जंट आहे, उद्या सेकंड शिफ्टला ये. कायम व्हायचं होतं, नाही कसं म्हणणार?

"तू जा रे. माझं तिकीट विकून टाक. फक्त 'विश यू वेअर हिअर'ला फोन लाव," म्हणाला. मला बघतही नव्हता.

पंचवटीने दादर, तिथून लोकलने वांद्रे. गेटवर एका पुणेकराला तिकीट विकलं. दीडपट भावाने. बॉस, मीही काही संत नाही.

ते गाणं पहिल्या भागातच आलं. ज्याच्या आठवणीतून ते जन्मलं, तो सिड बॅरेट २००६ च्या जुलैमध्येच गेला होता. मी मोबाइल डोक्यावर धरून उभा, आणि पार्टनर तिकडे कंपनीच्या बाथरूममध्ये. "नुसती खरखर होती, पण गिटार कळली," हे त्याचं परीक्षण.

मध्यंतरानंतर 'डार्क साइड'. आधी छातीचे ठोके, मग चारी बाजूंनी ती घड्याळं. माझं बोट आपोआप व्हॉल्यूमचं बटण शोधायला लागलं.

पहाटे सीबीएसला उतरलो. पार्टनरला तिकिटाची मूळ किंमत परत केली. वरच्या पैशांत एक टी-शर्ट घेतला होता, तो 'माझ्याकडून' म्हणून दिला.

पार्टनर कायम झाला. आता शिफ्ट इन्चार्ज आहे, दुसऱ्यांच्या सुट्ट्या नाकारतो! टी-शर्टचा काळा रंग राखाडी झालाय, तरी दर १८ फेब्रुवारीला तो अंगात असतोच. यंदा मिसळ खायला गेलो तेव्हा लेकीला सांगत होता, "काकाकडे परतीच्या गाडीपुरतेच पैसे होते गं, तरी माझ्यासाठी आणला."

मी मान खाली घालून पाव मागवला.