बेताचे मार्क

आमच्या नातीला एमडीएसला प्रवेश मिळाला. वाशिमचे नातेवाईक अभिनंदन करतात आणि हळूच विचारतात, "पण गुरुजी, तिचे मार्क तर बेताचेच होते ना?" होते. बीडीएसला दुसऱ्या वर्षी तिचा एक विषयही राहिला होता.

पण 2017च्या प्रवेशांपासून देशभर नीट-एमडीएस आली. पदवी आणि वर्षभराची इंटर्नशिप पूर्ण हवी; यादी लागते ती या एका परीक्षेच्या गुणांवर. 240 प्रश्न, 3 तास. मी मास्तर, लगेच भागाकार केला. एका प्रश्नाला 45 सेकंद! बरोबर उत्तराला 4 गुण, चुकले की 1 वजा. पोरीने घड्याळ लावून जुने प्रश्न सोडवले, चुकलेले वहीत उतरवले. पहिल्या खेपेला नंबर लागला नाही तेव्हा घरात स्थळांच्या गोष्टी सुरू झाल्या. ती काही बोलली नाही, पुन्हा परीक्षेला बसली.

एमडीएसच्या 9 शाखा. वेडेवाकडे दात सरळ करण्याच्या शाखेला मागणी फार, ती मिळाली नाही. मिळाली ओरल पॅथॉलॉजी. "मग दवाखाना नाही टाकता येणार?" ही सूनबाईंची काळजी. (बीडीएस आहे की, येतो टाकता!) तोंडातल्या चट्ट्याचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघून कर्करोग आहे की नाही, हे सांगणारी ही शाखा. आमच्याकडे तर पानठेल्यापानठेल्यावर खर्रा घोटतात. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे तोंड आता दोन बोटांएवढेही उघडत नाही. नातीने त्याला तपासायला बोलावले आहे. तो "सोयाबीन निघालं की येतो" म्हणतो.