दर्यावाटेने : नांगर कुठे टाकायचा?

मंगळवार, मालवण

सकाळी मतलई वारा होता, पाणी निवळ. सिंधुदुर्गाच्या तटाला वळसा घालून आम्ही खडपांपाशी आलो आणि होडीवाल्या काकांनी इंजिन बंद केलं. पाण्यात तोंड घातलं तर खाली तपकिरी, हिरवट गोल दगड. दगड कसले, ती पोराइट्स जातीची जिवंत प्रवाळं! इवल्या जिवांची ही वसाहत. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, ते उन्हावर अन्न बनवतं आणि यजमानालाही पोसतं. म्हणून पाणी गढूळ झालं की दोघांचीही उपासमार. खाड्यांचा गाळ पोटात घेणाऱ्या या किनाऱ्यावर ती टिकली आहेत, याचंच मला अप्रूप वाटतं.

पोराइट्सचा गोळा वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतो. म्हणजे मीटरभर उंचीचा गोळा शंभरेक वर्षांचा. तशाच एका गोळ्यावर शेजारच्या होडीतला पर्यटक उभा राहून फोटो काढून घेत होता. त्याला कोणी काही सांगितलंच नव्हतं. मासे जमावेत म्हणून पाण्यात पावाचे तुकडे पडत होते.

काकांनी मात्र नांगर लांब, वाळूत टाकला होता. म्हणाले, “नांगर खडपात टाकूचो नाय. पण गर्दी झाली काय कोण बघता?”

बुधवार, दांडी

रापण ओढत होते. दोन्ही टोकांना माणसांची रांग, मध्ये जाळ्याचा मोठा अर्धगोल. तरण्यांइतकाच जोर म्हाताऱ्यांचाही. ओढून झाल्यावर एका आजोबांशी बोलणं झालं. मालवण सागरी अभयारण्य 1987 साली जाहीर झालं, सुमारे 29 चौरस किलोमीटरचं. त्याचा गाभा किल्ला, पद्मगड आणि आसपासची खडपं. त्याबद्दल विचारताच आजोबा एकदम ताठ झाले. “आमका कोणी इचारूक नाय. कागद इलो तेवा कळला.”

त्यांची भीती खरी आहे. अभयारण्य म्हटलं की वन्यजीव कायदा आला, आणि तो कडकपणे लावला तर रापणीचं काय? त्या भीतीपोटी विरोध झाला आणि इतकी वर्षं अभयारण्य बरंचसं कागदावरच राहिलं. पण याच लोकांनी माशांचे थवेच्या थवे वेढून उचलणाऱ्या पर्ससीन जाळ्यांविरुद्ध वर्षानुवर्षं भांडण मांडलं. राज्य सरकारने 5 फेब्रुवारी 2016 रोजी पर्ससीनवर निर्बंध घातले, त्यामागे पारंपरिक मच्छीमारांचा रेटा होता. समुद्र राखायची तळमळ ज्यांच्याकडे आधीपासून आहे, त्यांनाच ‘संवर्धनाचे विरोधक’ ठरवणं मला अन्याय्य वाटतं. हद्द पुन्हा आखायचीच तर ती रापणकरांना होडीत बसवून आखावी.

गुरुवार, मालवण

दिवस कागदपत्रं वाचण्यात गेला. 2001 पासून प्रवाळं वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे कायद्याने त्यांना वाघाइतकंच संरक्षण. पण प्रवाळ वनखात्याचं, जाळं मत्स्यव्यवसाय खात्याचं, प्रवासी होडीचा परवाना मेरीटाइम बोर्डाचा. नांगर नेमका या तिघांच्या मधल्या फटीतून खाली जातो.

उपाय साधा आहे. वाळूच्या तळावर काँक्रीटचा जड ठोकळा, त्याला साखळी, वर तरंगता बोया. होड्यांनी त्यालाच दोर बांधायचा, नांगर टाकायचाच नाही. बोये सरकारने बसवावेत आणि राखण होडीवाल्यांच्या संघटनेकडे द्यावी, कारण रोज तिथे तेच असतात. समुद्र तापून प्रवाळं पांढरी पडतात, ते मालवणात बसून थांबवता येणार नाही. पण नांगर आणि पाय यांचे घाव चुकले, तर तापातून उठायला त्यांना बळ उरेल.

शुक्रवार, विजयदुर्ग

इथून सुमारे 105 किलोमीटर पश्चिमेला आंग्रिया बँक आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं बुडालेलं पठार. त्याचा माथा पाण्याखाली वीसेक मीटरवर, आणि त्यावर प्रवाळ. किनाऱ्याचा गाळ तिथवर पोचत नाही, त्यामुळे पाणी नितळ. 2019 च्या अखेरीस शास्त्रज्ञांची मोहीम तिथे गेली होती. राज्याची सागरी हद्द बारा सागरी मैलांवर, म्हणजे बावीसेक किलोमीटरवर संपते. तेव्हा आंग्रियाच्या संरक्षणाचा निर्णय दिल्लीतच व्हायचा, आणि तिथेही मालवणसारखा आधी कागद व नंतर माणसं असं होऊ नये, असं मला फार वाटतं. त्या बाजूला जाळी टाकणारे तांडेल भेटतात का, ते पाहायला उद्या देवगड बंदरात जातो. त्यांचं म्हणणं पुढच्या भागात.