दारापुढचा डोंगर : चिखलदरा

मुक्ताईनगरला आमच्या लहानपणी एदलाबाद म्हणत. उन्हाळ्यात गच्चीवर झोपले की पहाटे उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसे. "एकदा तिकडे जाऊ," असे वडील म्हणत. पण दुकान सुटले नाही आणि ते गेले नाहीत. पुढे बँकेतील नोकरी, बदल्या आणि मार्चअखेर यांत तेच आश्वासन मी सौभाग्यवतींना चौतीस वर्षे देत राहिलो. निवृत्तीनंतर मुलांनी आम्हां उभयतांना सिमला-मनाली दाखविले. परंतु याच सातपुड्याच्या रांगेतील चिखलदरा राहून गेले होते. गेल्या आश्विनात तो योग आला.

पहाटे निघून मलकापूर, अकोट, अंजनगाव, परतवाडा अशा मार्गाने आम्ही दुपारी घाट चढू लागलो. कपाशीची शेते मागे पडली, सागवान दाट झाले आणि गाडीच्या काचा खाली घ्याव्याशा वाटल्या. चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे. विदर्भातील हे एकमेव थंड हवेचे ठिकाण. कॉफीच्या बागांसाठीही त्याचे नाव पूर्वीपासून घेतले जाते.

पहिल्या दिवशी भीमकुंड पाहिले. भीमाने कीचकाला मारून या दरीत टाकले, म्हणून कीचकदरा व पुढे चिखलदरा, अशी आख्यायिका सांगतात. पावसाळा नुकताच सरल्याने धबधबा अद्याप वाहत होता. देवी पॉइंटला कपारीतील देवीच्या स्थानी खडकातून पाणी झिरपते. पंचबोल पॉइंटला हाक पाच वेळा परत येते, असे म्हणतात. मी मोठ्याने "एदलाबाद!" म्हटले. सौभाग्यवतींनी बोटांवर मोजून तीनच आल्याचे सांगितले आणि दोन हप्ते थकले म्हणून हसल्या. सायंकाळी शक्कर तलावाकाठी फेरफटका झाला. येथील खवा व रबडी प्रसिद्ध आहे. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्यांनी मात्र मुक्कामाच्या ठिकाणी सकाळीच तसे सांगून ठेवावे.

दुसऱ्या दिवशी गाविलगड. बहामनी सुलतान अहमदशहाने १४२५ च्या सुमारास तो बांधविला. दिल्ली दरवाजावरील गंडभेरुंडाची शिल्पे अवश्य पाहावीत. नागपूरकर भोसल्यांकडे असलेला हा किल्ला १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने घेतला. त्याआधी अडगाव येथे लढाई झाली होती. बारा वर्षांनी वॉटर्लू येथे नेपोलियनला हरविणारा सेनापती तो हाच.

किल्ल्याचा विस्तार मोठा आहे. तलाव, मशीद आणि गवतात पडलेल्या तोफा पाहावयाच्या तर पुष्कळ चालावे लागते. पहिल्या दरवाजाशीच सौभाग्यवती थांबल्या. "अहो, तुम्ही जाऊन या. माझे गुडघे आता नाही म्हणतात," एवढेच त्या बोलल्या. मी शंभरेक पावले पुढे गेलो आणि परत फिरलो. त्यांच्याशेजारी पायरीवर बसून दरीतले धुके पाहिले. दहा वर्षांपूर्वी आलो असतो तर दोघांनी मिळून तोफा पाहिल्या असत्या, हे दोघांच्याही मनात होते; कोणी बोलले नाही.

या डोंगरापलीकडे मेळघाटचे जंगल पसरले आहे. व्याघ्र प्रकल्पाच्या देशातील पहिल्या नऊ जंगलांत त्याचा समावेश होता. वेळ असल्यास सेमाडोह व कोलकास येथे जावे. येथील कोरकू बांधवांची गावे पाहताना त्यांच्या अंगणाचा मान राखावा.

परतताना परतवाड्याजवळ, मध्य प्रदेशच्या हद्दीत, मुक्तागिरी सिद्धक्षेत्राचे दर्शन घेतले. बावन्न जिनमंदिरे आणि मधोमध कोसळणारा धबधबा! तेथील पायऱ्या सौभाग्यवती एकेक करून, माझ्या खांद्याचा आधार घेत चढल्या. "ह्या चढणारच होते," असे वर पोहोचल्यावर म्हणाल्या.

पावसाळा सरल्यापासून फेब्रुवारीपर्यंत येथे जाण्यास उत्तम काळ. दोन मुक्काम पुरतात. हिवाळ्यात लोकरीचे कपडे घ्यावेत. घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे गच्चीवर गेलो. निळी रेघ जागच्या जागी होती. वाचकहो, आपल्या दारापुढेही असा एखादा डोंगर असेल, तर घरातील ज्येष्ठांना घेऊन याच वर्षी जाऊन या.