दंतेश्वरीची जत्रा आणि आपल्या सूचना

चंद्रपूर-गडचिरोलीचा अरण्यप्रदेश आपल्या वाचकांना अगदीच परका नाही. १९६२ साली सिरो-मलबार ख्रिस्तसभेला केरळबाहेरचे पहिले मिशनक्षेत्र मिळाले ते चांद्याला; १९७७ साली त्याचा धर्मप्रांत झाला. मात्र मला सांगावयाची आहे ती हकिगत आपल्या चर्चमधली नाही. ती गोंडांच्या देवीच्या अंगणातली आहे, आणि गेले काही दिवस तिने माझा पिच्छा पुरवला आहे.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था स्थापन केली. आरंभी त्यांनी आदिवासींमधील सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा शोध घेतला. शोध शास्त्रशुद्ध होता. परंतु ज्यांच्यासाठी तो केला, त्यांना तो आपला प्रश्न वाटलाच नाही. मग डॉक्टरांनी लोकांनाच विचारले, की तुम्ही इस्पितळात का येत नाही? उत्तरे ऐकण्याजोगी होती. मोठ्या इमारतीची भीती वाटते. रोग्याजवळ त्याच्या माणसांना राहू देत नाहीत. आणि तिथली डॉक्टर-नर्स मंडळी पांढरे कपडे घालतात. पांढरे वस्त्र तर आम्ही प्रेतावर घालतो!

या उत्तरांतून गोंडांच्या गावासारखे, झोपड्या-झोपड्यांचे रुग्णालय उभे राहिले. रोग्याचे नातलग त्याच्यासोबत राहू लागले. लोकांच्या इच्छेने त्याला नाव मिळाले माँ दंतेश्वरीचे. शोधग्रामात देवीचे मंदिर झाले, जत्रा भरू लागली, आणि त्या जत्रेत गावोगावची माणसे आपल्या दुखण्यांविषयी बोलू लागली. हिवताप हा आमचा मोठा वैरी, हे तिथे लोकांनीच सांगितले.

एखादा वाचक म्हणेल, हा श्रद्धेचा चतुर वापर झाला. ती शंका मलाही आली होती. पण इथे देवीच्या नावावर औषध खपवलेले नाही; लोक बोलले आणि डॉक्टरांनी ऐकले, हा क्रम महत्त्वाचा. आंधळा बार्तीमय समोर उभा असताना त्याला काय हवे हे कुणालाही दिसत होते, तरी प्रभू येशूने त्याला आधी विचारलेच.

आपल्याकडे काय होते? पवित्र मिस्सा संपत आली, की विवाहघोषणा आणि नोव्हेनाच्या वेळा यांच्यामध्ये कुठेतरी लसीकरणाची किंवा रक्तदाब तपासणीची सूचना येते. फादर वाचतात, तेव्हा निम्मी मंडळी उंबरठ्यावर असतात. वेदीवरून सांगितले म्हणजे काम झाले, असा आपला समज. खरा निर्णय होतो तो नंतर, चर्चच्या आवारात, दोन बायका बोलत उभ्या राहतात तिथे. 'माझ्या नातवाला डोस दिल्यावर ताप आला होता' हे एकीचे वाक्य दुसरीच्या घरी पोहोचते आणि सूचनेचा कागद फाइलीत राहतो. तापाविषयीचा तो प्रश्न वेदीपर्यंत उलट दिशेने येण्याची वाट आपण ठेवलेलीच नाही.

गडचिरोलीत ही वाट गावातल्या बायकांनीच तयार केली. बाळाला न्यूमोनिया आहे की नाही हे त्याच्या श्वासांच्या वेगावरून कळते. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला साठ किंवा त्याहून अधिक असले, तर धोका. पण मोठे आकडे मोजता न येणाऱ्या सुईणीने ते मोजावेत कसे? बंगांनी तिच्या हाती एक साधे यंत्र दिले: मिनिटभराचे वाळूचे घड्याळ आणि ओवलेले मणी. दहा श्वास झाले, की एक मणी सरकवायचा. दहा-दहांनी रोझरी म्हणणाऱ्या आपल्या आजीला हे शिकवायला कितीसा वेळ लागला असता?

पुढे ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूत स्त्रिया घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेऊ लागल्या. तिथला नवजात मृत्युदर सुमारे ६२ टक्क्यांनी घटल्याचा अहवाल १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. २०११ साली भारत सरकारने हीच पद्धत देशभरातील आशा कार्यकर्त्यांकडे सोपवली. आज बाळंतिणीच्या घरी तपासणीला येणारी आशाताई अनेकदा आपल्याच वाडीतली असते. रविवारच्या त्या सूचना तिच्याकडून का सांगवून घेऊ नयेत आणि लोकांचे प्रश्न तिच्यासमोर, फादरांच्या देखत, का मांडले जाऊ नयेत?